वाचलंस तू, लिहिलं मी

यशवंता,

तुझ्या शोकसभेतून मला दोघांनी धरून बाहेर आणलं. एकाने दंड धरला होता, दुसरा पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालत होता. "सरांच्या मनाला फार लागलंय," असं पायरीवर कुणीतरी म्हणालं. लागलंय, खोटं नाही. पण मी रडत नव्हतो रे, भांडत होतो. भर सभेत उभा राहून ओरडत होतो, आणि या आपल्या गावाला ते रडणं वाटलं.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. त्यातले दहा दिवस मी गप्प होतो. आज तुझ्याशी भांडायला बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "भाल्या, आधी चष्मा लाव, मग भांड." लावलाय.

त्यांनी तुला काय काय म्हटलं ते आधी ऐक. "निर्विष विनोदाचे धनी." "मिश्कील यशवंतराव." "कुणाचंही मन न दुखावता हसवणारा माणूस." अध्यक्ष कोण होते, सांगू? कंत्राटदार. तेच, ज्यांनी तुझ्या घरावर माणसं पाठवली होती. तुझ्या फोटोला हार घालून त्यांनी रुमालाने डोळे टिपले, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांनी आदराने माना हलवल्या. रुक्मिणीवहिनी भिंतीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग मला आपली सुरुवात आठवत राहिली, आणि डोकं तापत गेलं.

मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो, तू पाटबंधारे खात्यात कारकून. मेन रोडच्या मागच्या थिएटरात अगदी पुढच्या बाकांवर बसून आपण एक हिंदी चित्रपट पाहत होतो. तुझी आई बरोबर होती. पंचेचाळिशीचा नायक कॉलेजात पहिला आल्याची बातमी घेऊन धावत आला आणि आईच्या गळ्यात पडला. आई त्याच्याहून लहान दिसत होती. तुझी आई मोठ्याने म्हणाली, "आरं, हा त माझ्या वयाचा हे! याला कोन घेतंय कालेजात?" अख्खं थिएटर पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघून हसलं.

घरी चालत येताना तू म्हणालास, "बक्षिसं चांगल्यांनाच का देतात रे? इतकं वाईट करायलाही मेहनत लागतेच की."

तिथून 'फाटकं तिकीट' सुरू झालं. वर्षातल्या सगळ्यात वाईट चित्रपटाला आणि सगळ्यात वाईट अभिनयाला आपला पुरस्कार. पुठ्ठ्याच्या चौकटीत डोअरकीपरने फाडून परत दिलेलं अर्धं तिकीट आणि खाली मानपत्र. पहिल्या वर्षी तुमच्या कॉलनीतल्या वाचनालयात तीस माणसं चटईवर बसली होती. मरताना सर्वात जास्त बोलणारा नायक. कारण नसताना सर्वात जास्त भिजलेली नायिका. तू वाचत होतास आणि लोक अक्षरशः आडवे पडत होते. विजेत्यांना आपण ती चौकट रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवायचो. एका नटाने उलट टपाली आपला सहीचा फोटो पाठवला; त्याला वाटलं, आपण त्याचे चाहते आहोत. तो फोटो तू कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवला होतास.

चार वर्षांत सार्वजनिक हॉल भरायला लागला. होळीनंतरच्या रविवारची लोक वाट पाहायचे. आणि पहिल्यापासून आपली वाटणी ठरलेली होती: मी लिहायचं, तू वाचायचं. तुझा आवाज, तुझं थांबणं, एक भुवई उचलणं, हे मला सात जन्मांत जमलं नसतं. लोकांना वाटायचं, मजकूरही तुझाच. तू दोनतीनदा म्हणालास, "यंदा तुझं नाव सांगू." मीच नको म्हणालो. शाळेच्या संस्थाचालकांना हे असलं आवडलं नसतं. मी अजून कायम झालो नव्हतो. मला वाहवा मिळत नव्हती खरी, पण मागच्या रांगेत बसून माझी वाक्यं लोकांना हसवताना बघायची एक वेगळीच नशा होती. आणि त्यात धोका काही नव्हता, कारण सगळा धोका तुझ्या वाट्याला होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आता म्हणणार नाही. आलं होतं.

तुझा एकच नियम होता. ज्याचं नाव पोस्टरवर मोठं, त्यालाच पुरस्कार. "ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला हसायचं नाही," तू म्हणायचास. "त्याला हसायला बाकीचं जग आहे."

मग त्या वर्षी कंत्राटदारांनी चित्रपट काढला. त्या चित्रपटाचं नाव मला आजही लिहायचं नाही. नाशिकच्या मातीतला चित्रपट म्हणून गावभर कमानी लागल्या होत्या. नायक त्यांचा मुलगा. तो चालायचा तेव्हा हात कुठे ठेवायचे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण लोक आठवडाभर बोलत होते ते नायकाच्या विधवा बहिणीबद्दल. मध्यंतरानंतर ती मरते, आणि मरण्याआधी चार मिनिटं हुंदके देते. तो हुंदका म्हणजे काहीतरी विलक्षणच होता. पाट्यावर खिळा ओढावा तसा. मेन रोडवर पोरं एकमेकांना तो हुंदका काढून हाका मारत होती. ते काम निर्मला नावाच्या मुलीने केलं होतं. देवळाली कॅम्पातली मुलगी, वडील लष्करी मेसमध्ये स्वयंपाकी होऊन निवृत्त झालेले. हौशी नाटकांत कामं करायची. पोस्टरवर तिचं नाव नव्हतंच, ना मोठं ना लहान.

चित्रपटाचं फाटकं तिकीट कंत्राटदारांना आणि अभिनयाचं त्यांच्या मुलाला द्यायचं, हे तू आधीच ठरवलं होतंस. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं तुला वाटलंसुद्धा नाही. मी मात्र एक जादा मानपत्र लिहून तुझ्या घरी आलो. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, मरेपर्यंत राहील: "देवळालीच्या तोफा महिनाभर गप्प आहेत. सरावाची गरज उरली नाही, कारण तिथल्याच एका मुलीने रडायला सुरुवात केली आहे."

तू हसलास. आधी हसलास, हे मी विसरणार नाही. मग कागद खाली ठेवून म्हणालास, "हे नको."

"का? यातलं सगळ्यात भारी हेच आहे."

"तिचं नाव पोस्टरवर नाही, भाल्या."

वहिनी आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी वाक्य ऐकलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, ती पोरगी इथलीच ना? उद्या बाजारात समोर आली तर?"

मला राग आला. वाक्य माझं होतं ना, आणि चांगलं जमलं होतं. मी म्हणालो, "म्हणजे मुंबईच्या लोकांना हसायचं, ते पोस्टात टाकलं की संपलं. इथलं कुणी आलं की आपली शेपूट आत. सरळ सांग ना यशवंता, कंत्राटदाराला घाबरलास."

तुझा चेहरा बदललेला मी पाहिला. घाबरतोस, दबतोस, हे तुला जन्मभर कोणी ना कोणी ऐकवलं होतं, आणि दरवेळी तू ते खोटं करून दाखवलं होतंस. तुला कुठे बोट लावलं की तू कागद उचलशील, हे मला माहीत होतं. मी नेमकं तिथेच लावलं. तू कागद उचललास, घडी केलीस, खिशात ठेवलास. वहिनी आत गेल्या.

रविवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. कंत्राटदारांचं मानपत्र झालं, मुलाचं झालं. मग तू ते वाक्य वाचलंस. असा हशा आपल्या सगळ्या वर्षांत पडला नव्हता. मी मागे भिंतीला टेकून तो पीत होतो. हशा ओसरतोय तोवर मधल्या रांगेतून एक मुलगी उठली आणि स्टेजकडे चालायला लागली. आपल्याकडे विजेता कधी आलाच नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. कुणीतरी तो हुंदका काढला.

ती माइकसमोर उभी राहिली. "मी निर्मला," ती म्हणाली. "तो हुंदका माझा नाही. तेवढं सांगायला आले."

परत हशा. तू हात वर करून लोकांना गप्प केलंस.

"पडद्यावर तोंड माझं आहे," ती म्हणाली. "आवाज नंतर पुण्यात भरला. मला बोलावलंच नाही. मालकांच्या मेहुणीने भरला. मला थिएटरात बसल्यावर कळलं. मी केलं तेव्हा शूटिंग बघायला आलेल्या बायका रडल्या होत्या, पण ते आता कुणाला दाखवू? आणि तोफांचं म्हणालात. माझ्या वडिलांनी तिथे जवानांना बावीस वर्षं जेवायला घातलं. ते आलेत. त्यांना वाटतंय मला बक्षीस मिळालंय."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं. सगळे हसत होते म्हणून तोही हसत होता, आणि आता सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून उभा राहून त्याने हात जोडले.

तिने तुझ्या हातातून चौकट घेतली आणि ती निघून गेली. तू मान खाली घालून उभा होतास. मी भिंतीपाशी होतो, यशवंता. स्टेजपर्यंत पंधरावीस पावलं असतील. मी एक टाकलं नाही.

पुढचं तू भोगलंस, मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी कंत्राटदारांनी मोर्चा काढला. 'नाशिकच्या लेकीचा अपमान' असा फलक पुढे. ज्यांनी तिचा आवाज काढून घेतला, तिचं नाव पोस्टरवर येऊ दिलं नाही, ते पुढे चालत होते. आणि ती मोर्चात नव्हतीच. तिला कुणी विचारलंही नव्हतं. हॉलमध्ये पोट धरून हसलेले कितीतरी चेहरे मी त्या मोर्चात ओळखले. तुझ्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. आणि फोडताना काय बोलले तेही तू ऐकलंस. 'यांना स्टेज दिलं की हे असंच करणार.' 'यांना' म्हणजे कुणाला, हे सांगावं लागत नव्हतं. माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा हेच वाक्य जरा सभ्य शब्दांत बोललं गेलं. मी तिथे बसून वह्या तपासत होतो. वाक्य एका मास्तरने लिहिलं होतं, ज्याच्या आडनावाकडे बघून कुणाला शंकाही आली नसती. शिक्षा मात्र तुझ्या 'गांगुर्डे' या आडनावाला झाली.

कचेरीत चौकशी लागली. साहेबांनी विचारलं, "हा मजकूर कुणाचा?" तू म्हणालास, "माझा."

का? हे मला आठ वर्षं विचारायचं होतं. तुला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी तर सांगितलं नव्हतं. मी फक्त घरी दार लावून बसलो होतो.

तुझी बदली पेठला झाली. आई, वहिनी आणि दोन लहान मुली इथे, तू तिथे घाटापलीकडे. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्याच पावसाळ्यात तुझी आई गेली. घाटात बस अडकली म्हणून तू पोचलास ते सगळं आटोपल्यावर. तिच्या तोंडात पाणी मी घातलं. ती मला म्हणाली, "बाबा, यसू आला का?" मी म्हणालो, "येतोय." त्या दिवसाचा राग कुणावर काढू? कंत्राटदारावर काढून झाला. स्वतःवर काढून झाला. आता तुझ्यावर काढतोय, कारण तू एकदा खरं बोलला असतास तर तू त्या दिवशी घरी असतास.

एका शनिवारी मी तुला सीबीएस स्टँडवर गाठलं. तू पेठच्या बसमधून उतरत होतास, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. मी म्हणालो, "मी साहेबांना जाऊन सांगतो. मजकूर माझा होता म्हणून."

तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. "आता सांगून काय होणार? दोघांची घरं बसतील."

"पण खरं—"

"खरं सांगायचं होतं तर त्या दिवशी माइक चालू होता, भाल्या."

एवढंच. आवाजही चढवला नाहीस. मी तुझ्या अंगावर ओरडलो, की तुला मोठेपणा हवाय, तुला मला जन्मभर मिंधं ठेवायचंय. स्टँडवरचे लोक बघायला लागले. तू म्हणालास, "हे पीठ तुझ्या घरी ने. तुझ्या पोराला नागलीची पेज पाज, आजारातून उठलाय." आणि पिशवी माझ्या हातात देऊन तू चालायला लागलास. मी ती पिशवी घेऊन उभा राहिलो. तुझ्या चांगुलपणाचा मला इतका संताप कधीच आला नव्हता. पोराला पेज मात्र मी पाजली. तो त्या पेजेवर सावरला.

नंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. फाटकं तिकीट बंद पडलं. लोक दोन वर्षं विचारत राहिले, मग व्हिडिओ आले आणि विसरले. तू सुट्टीला आलास की आपण चित्रपटाला जायचो. पण तू आता वेगळाच बघायचास. सुरुवातीच्या पाट्या शेवटपर्यंत वाचायचास, अगदी बारीक अक्षरांतली नावंसुद्धा. घोळक्यातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवून म्हणायचास, "ती बघ, तिने काम नीट केलंय." मला चीड यायची. मला वाटायचं, तू मला टोमणा मारतोस. कदाचित मारत नसशील. आता विचारायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी तू नाशिकला परत आलास, आणि अकरा दिवसांपूर्वी कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. मला वर्गात निरोप आला. मी फळ्यावर अर्धं लिहिलेलं वाक्य तसंच सोडलं.

आणि शोकसभेत "कुणाचंही मन न दुखावता" हे शब्द कंत्राटदारांच्या तोंडून आले तेव्हा मी उठलो. म्हणालो, "खोटं आहे. एका मुलीचं मन आम्ही भर हॉलमध्ये फाडलं. तो मजकूर यशवंताचा नव्हता. माझा होता. तो नको म्हणत होता. मी त्याला वाचायला लावला. आणि तुम्ही सगळे हसलात, आणि तिसऱ्या दिवशी दगड घेऊन आलात."

मग कंत्राटदार उभे राहिले, माइक जवळ ओढला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पाहा मंडळी, याला म्हणतात मैत्री. दिवंगत मित्राचा दोष सर आपल्या अंगावर घेताहेत."

टाळ्या वाजल्या, यशवंता. तुझ्या शोकसभेत मला टाळ्या मिळाल्या. मी ओरडायला लागलो, तर मला धरून बाहेर आणलं.

तिथून मी सरळ देवळालीची बस पकडली. निर्मला कॅम्पाच्या बाजारात शिवणाचा क्लास चालवते. चार मुली मशिनवर होत्या. मी नाव सांगितलं, तुझा मित्र म्हणून सांगितलं, तू गेल्याचं सांगितलं. तिने मशिनवरच्या मुलींना बाहेर पाठवलं.

"गांगुर्डे गेले?" ती म्हणाली. "ते आले होते इथे. त्या प्रकारानंतर दोनेक महिन्यांनी, बायकोला घेऊन. माझ्या वडिलांच्या पाया पडले."

मला हे माहीत नव्हतं. तू कधीच सांगितलं नाहीस.

"मी त्यांना विचारलं, 'असलं लिहावंसं कसं वाटलं तुम्हाला?' तर म्हणाले, 'वाचलं मी. वाचायला नको होतं.' तीनदा विचारलं. तीनदा तेच. लिहिलं असं एकदाही म्हणाले नाहीत. तेव्हाच कळलं मला, लिहिणारा दुसरा कोणीतरी आहे."

"मीच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आठ वर्षं? देवळाली काय परदेशात आहे? वडील चार वर्षांपूर्वी वारले. आता कुणाच्या पाया पडणार?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"राहू द्या. त्यांना मी चहा करून दिला होता. तुम्हाला नाही देणार."

आणि तिने मुलींना आत हाक मारली. मशिनी परत सुरू झाल्या. मी बाहेर बाजारात आलो. ती चुकली असं मला वाटलं नाही. मला राग आला तो तुझाच. तू वहिनींना घेऊन गेलास, यशवंता. मला का नाही नेलंस? दोघं गेलो असतो तर तो म्हातारा भेटला असता. तू एकदा विचारायचं तरी होतंस.

बस येईपर्यंत मी याच रागात उभा होतो. मग मला कळलं, तू का विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं. शाळा, परीक्षा, पोराचं आजारपण. आणि माझ्या तोंडून ते कारण तुला ऐकायचं नव्हतं.